टीएसएच ५.८ आला म्हणजे नेमकं काय झालं?

आमच्या सोसायटीत आरोग्य शिबिर झालं. 'सत्तर तपासण्या एका किमतीत' असा फलक, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, सकाळी सातपासून रांग. रात्री साडेनऊला रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आले आणि पावणेदहाला काकूंचा फोन: "अरे, मला थायरॉइड निघाला!"

काकू ६७ वर्षांच्या, रोज टेकडी चढून येणाऱ्या. रिपोर्टमध्ये टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) ५.८, त्यापुढे ठळक 'एच', म्हणजे 'हाय'. शेजारच्या वहिनींनी तोवर गोळीचं नाव, डोस आणि 'आता जन्मभर घ्यावी लागते' हा निकालही देऊन टाकला होता.

काकूंची भीती अगदीच निराधार नव्हती. मुंबईसह देशातल्या आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साधारण ११ टक्के प्रौढांमध्ये थायरॉइडचं काम मंदावलेलं आढळलं. त्याखेरीज आणखी सुमारे ८ टक्के लोक काकूंसारखे उंबरठ्यावर उभे होते. म्हणजे प्रत्येक मोठ्या कुटुंबात असा एखादा रिपोर्ट असणारच. तो कसा वाचायचा, हे मात्र कुणी सांगत नाही. मी लॅबच्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसणारा माणूस, म्हणून हा खटाटोप.

गल्ल्यावरचा मालक आणि आतला भटारखाना

आधी दोन शब्दांची ओळख करून घेऊ. संप्रेरक म्हणजे हार्मोन: एका ग्रंथीने रक्तातून दूरच्या अवयवांना धाडलेला निरोप. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी टी-४ नावाचं संप्रेरक बनवते. शरीर त्यातूनच अधिक जोरकस असं टी-३ तयार करतं, आणि शरीराची धग, हृदयाची गती, आतड्यांची चाल त्यावर ठरते. टीएसएच मात्र थायरॉइडमध्ये बनतच नाही. तो येतो मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पियुषिका ग्रंथीतून.

खानावळ डोळ्यांपुढे आणा. पियुषिका म्हणजे गल्ल्यावर बसलेला मालक, थायरॉइड म्हणजे भटारखाना. मालकाचं सारं लक्ष टेबलांवर. थाळ्या वेळेवर येत असल्या की तो बेताच्या आवाजात सांगतो. आत आचारी रेंगाळला की आवाज चढतो. थाळ्यांचा ढीग साचू लागला की तो गप्प बसतो. टीएसएच म्हणजे मालकाची हाक आणि टी-४ म्हणजे थाळ्या.

म्हणून टीएसएच वाढला की थायरॉइड मंद आणि टीएसएच घटला की थायरॉइड भरधाव. लोकांना हे उलटं वाटतं, पण उलटं काहीच नाही; आपण भटारखान्याचा अंदाज मालकाच्या आवाजावरून घेतो आहोत. तो का घ्यावा? कारण मालक फार हळवा आहे. टी-४ निम्म्यावर आला तर टीएसएच नुसता दुप्पट होत नाही, दहा-वीस पटींनी किंवा त्याहूनही अधिक वाढतो. टेबलावरच्या गिऱ्हाइकाला उशीर जाणवण्याआधीच गल्ल्यावरून ओरडा सुरू झालेला असतो.

काकूंचं तेच झालं होतं. मालकाचा आवाज जरा चढलेला, पण थाळ्या वेळेवर पोहोचत होत्या, म्हणजे टी-४ नॉर्मल. डॉक्टर याला 'सबक्लिनिकल' म्हणतात. यापुढे मी त्याला उंबरठा म्हणेन.

मालकच मुका झाला तर? बाळंतपणात फार रक्तस्राव झालेल्या काही बायकांच्या पियुषिका ग्रंथीला इजा होते. पुढे कित्येक वर्षं त्या थकवा, थंडी, सुस्ती अंगावर काढतात. टीएसएच केला तर 'नॉर्मल' येतो, कारण हाक मारणाऱ्याच्या घशातच जोर उरलेला नसतो. टी-४ मात्र तळाला गेलेला असतो. अनुभवी डॉक्टर अशा बाईला आकड्यांच्या आधी विचारतात, "बाळाला दूध आलं होतं का? पाळी परत सुरू झाली का?" या दोन प्रश्नांनी जे कळतं ते सत्तर तपासण्यांच्या पॅकेजमध्ये निसटतं.

गरोदरपणात वेगळीच गंमत होते. पहिल्या तीन महिन्यांत वारेतून येणाऱ्या एचसीजी या संप्रेरकाची ठेवण टीएसएचशी मिळतीजुळती असते. जणू मालकाच्या भावाचा आवाज हुबेहूब मालकासारखा. तो दारातून ओरडतो आणि आचारी कामाला लागतो. मालकाला मग फारसं बोलावं लागत नाही. म्हणून या काळात टीएसएच थोडा खाली गेला तर तेवढ्यावरून 'थायरॉइड वाढला' म्हणत नाहीत.

पन्नास हजार टँकरमध्ये एक चमचा साखर

रक्तातली साखर मोजणं तुलनेने सोपं आहे, कारण ती भरपूर असते. मोकळा टी-४, म्हणजे प्रथिनांना न चिकटलेला आणि खरोखर कामाला येणारा भाग, साखरेच्या साधारण दहा कोटी पटींनी कमी असतो. दहा हजार लिटरचे पन्नास हजार टँकर घ्या, त्या सगळ्या पाण्यात मिळून एक चमचा साखर विरघळवा आणि मग ती मोजून दाखवा. लॅबमधलं यंत्र हेच रोज करतं, तेही काही थेंब रक्तद्रवात.

ही किमया १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ब्राँक्सच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात जन्मली. रोझलिन यॅलो भौतिकशास्त्रज्ञ, सॉलोमन बर्सन डॉक्टर. इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात इन्शुलिन अपेक्षेपेक्षा जास्त वेळ टिकतं, हे त्यांना किरणोत्सारी आयोडीनची खूण लावून दिसलं. त्यांचा निष्कर्ष असा, की शरीर इन्शुलिनविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी, म्हणजे परक्या वस्तूला पकडणारी प्रथिनं) बनवतं आणि ती त्याला धरून ठेवतात. इन्शुलिनसारख्या छोट्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं बनतील यावर तेव्हा कुणाचा विश्वास नव्हता आणि एका प्रतिष्ठित नियतकालिकाने त्यांचा लेख नाकारला. यॅलोबाईंनी ते नकाराचं पत्र जपून ठेवलं आणि १९७७ साली नोबेल व्याख्यानात छापूनच टाकलं! बर्सन १९७२ मध्येच वारले होते. या पद्धतीचं पेटंट दोघांनी घेतलं नाही. १९७७ च्या त्याच नोबेलचा उरलेला अर्धा वाटा रॉजर गियमाँ आणि अँड्र्यू शॅली यांना मिळाला. पियुषिकेलाही वरून हुकूम देणारं संप्रेरक त्यांनी शोधलं होतं. म्हणजे मालकाचाही मालक.

यॅलो-बर्सन यांची युक्ती अशी: संप्रेरक फार थोडं आहे म्हणून ते थेट दिसत नाही, पण नेमकं त्यालाच पकडणारी प्रतिपिंडं बनवता येतात. खूण लावलेलं थोडं संप्रेरक त्यांत मिसळा आणि प्रतिपिंडांना चिकटलेली खूण मोजा. आपल्याकडे परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आणि वाशीच्या 'ब्रिट' या अणुऊर्जा खात्याच्या संस्थेत या किरणोत्सारी पद्धतीवर बरंच काम झालं. आज बहुतेक लॅबमध्ये किरणोत्साराच्या जागी प्रकाश आला आहे. रिपोर्टच्या खाली बारीक अक्षरांत 'सीएलआयए' किंवा 'ईसीएलआयए' लिहिलेलं असतं, ते हेच. यंत्राला टीएसएच दिसत नाही. त्याला उजेड दिसतो. उजेडावरून ते आकडा काढतं.

हा उजेड दोन रीतींनी मिळतो. टीएसएचसारखं मोठं संप्रेरक असेल तर दोन प्रतिपिंडं त्याला दोन्ही बाजूंनी धरतात, पावाच्या दोन कापांमध्ये काकडी असावी तशी. जितकं संप्रेरक जास्त, तितका उजेड जास्त. टी-४ किंवा कॉर्टिसॉलसारखे रेणू इतके लहान असतात, की दोन प्रतिपिंडांना धरायला जागाच नसते. तिथे संगीत खुर्ची खेळतात. खुर्च्या मोजक्या, त्यांवर बसायला खूण लावलेलं आणि रुग्णाचं अशी दोन्ही संप्रेरकं धावतात. रुग्णाचं जास्त असेल तर खूण लावलेल्याला जागा कमी मिळते आणि उजेड घटतो. म्हणजे या रीतीत कमी उजेड म्हणजे जास्त संप्रेरक. हा उलटा हिशेब लक्षात ठेवा, पुढच्याच भागात लागणार आहे.

केसांच्या गोळीने 'झालेला' थायरॉइड

केस गळतात म्हणून एक मुलगी बायोटिनची गोळी घेते आहे. शरीराला बायोटिन दिवसाला ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास पुरतं. केस-नखांच्या गोळ्यांत ते ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम असतं. तिच्या रिपोर्टमध्ये टीएसएच जवळजवळ शून्य, टी-४ आणि टी-३ चढलेले. पुस्तकात छापावं असं भरधाव थायरॉइडचं चित्र. मुलीला मात्र ना धडधड, ना हाताला कंप, ना वजनात घट.

होतं काय, की बऱ्याच यंत्रांच्या रसायनांत प्रतिपिंडाला बायोटिनची कडी लावलेली असते आणि ती एका खुंटीवर अडकवतात. जे अडकलं ते राहतं, बाकीचं धुऊन जातं. रक्तातच बायोटिनचा पूर आला तर सगळ्या खुंट्या त्यानेच अडतात. प्रतिपिंडं, त्यांनी पकडलेलं संप्रेरक आणि खूण, सगळंच मोरीत. उजेड घटतो. पहिल्या रीतीत कमी उजेड म्हणजे 'टीएसएच कमी'. संगीत खुर्चीत तोच कमी उजेड म्हणजे 'टी-४ जास्त'. एकाच चुकीतून दोन खोटे आकडे निघतात आणि ते एकमेकांची साक्ष देतात. मला लॅबच्या जगातली ही सर्वांत फसवी जोडी वाटते.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी रसायनं बदलली, पण सगळीकडची बदलली असं धरून चालू नका. अशी गोळी घेत असाल तर रक्त घेणाऱ्याला आणि डॉक्टरांना सांगा. साधारणपणे तपासणीआधी निदान दोन दिवस ती बंद ठेवायला सांगतात. 'ते काय औषध थोडंच आहे, व्हिटॅमिन आहे' म्हणून लोक हे सांगतच नाहीत.

'नॉर्मल रेंज' ठरवली कुणी?

रिपोर्टच्या उजव्या बाजूला ०.४ ते ४ असं काहीतरी छापलेलं असतं. निरोगी माणसांचा मोठा गट घ्यायचा, सगळ्यांचा टीएसएच मोजायचा, सर्वांत खालचे अडीच टक्के आणि सर्वांत वरचे अडीच टक्के काढून टाकायचे. मधले ९५ टक्के म्हणजे रेंज. म्हणजे व्याख्येनुसारच शंभरातल्या पाच निरोगी माणसांना ठळक अक्षर मिळणार.

आता पॅकेजचा हिशेब करा. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या तर ठणठणीत माणसाचीही निदान एक तपासणी रेंजबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के. सत्तर केल्या तर सगळं नॉर्मल आल्याचंच नवल. काही पॅकेजवाले याच ठळक अक्षराच्या जोरावर पुढचं पॅकेज विकतात, हे मी उघडपणे म्हणतो.

शिवाय वय वाढतं तसा टीएसएच थोडा वर सरकतो. पंचविशीतल्या मुलीचा ५.८ आणि काकूंचा ५.८ एका तराजूत घालता येत नाहीत.

"दोन लॅब, दोन आकडे. कुणीतरी फसवतंय!"

ही तक्रार खिडकीवर रोज येते. लॅब चुकतच नाही असं मी म्हणणार नाही. नळी नीट न भरणं, नावांची अदलाबदल, नमुना उन्हातून फिरणं, सगळं घडतं. म्हणूनच चांगल्या लॅबमध्ये रोज सकाळी रुग्णांच्या आधी ज्याचा आकडा ठाऊक आहे असा नमुना यंत्रात घालतात. वेल्लोरच्या सीएमसी या वैद्यकीय महाविद्यालयाकडून देशभरातल्या लॅबना अनोळखी नमुने येतात. उत्तर कळवायचं, मग इतरांच्या तुलनेत आपण कुठे आहोत ते कळतं. लॅब निवडताना एनएबीएलची (लॅबचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का, एवढं जरूर बघा.

तरीही दोन चांगल्या लॅबचे आकडे वेगळे येऊ शकतात, कारण वेगवेगळ्या कंपन्यांची प्रतिपिंडं संप्रेरकाचा वेगवेगळा भाग पकडतात. त्यात टीएसएच स्वतःही स्थिर नाही. मध्यरात्रीनंतर तो चढलेला असतो, दुपारी उतरलेला. एकाच निरोगी माणसाचे दोन रिपोर्ट जवळजवळ निम्म्याने वेगळे आले तरी खरा बदल झालाच असेल असं नाही. गेल्या वेळचा ३.१ यंदा ४.० झाला म्हणून डोस बदलू नये, तो यासाठी. लॅब एक ठेवा, वेळ शक्यतो सकाळची ठेवा. टीएसएचसाठी कडक उपास लागत नाही.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्या; आधी घेतली तर मोकळा टी-४ काही तास चढलेला दिसतो. डोस बदलल्यावर दहाव्या दिवशी तपासायला येणारेही पुष्कळ. टी-४ रक्तात निम्मा व्हायलाच साधारण सात दिवस घेतो आणि मालकाचा आवाज निवळायला त्याहून जास्त. सहा ते आठ आठवडे थांबल्याशिवाय ते पैसे फुकट.

काही संप्रेरकं एका आकड्यात मावतच नाहीत

कॉर्टिसॉल हे मूत्रपिंडांवरच्या ग्रंथीतून येणारं ताणाचं संप्रेरक. सकाळी आठला ते भरतीला असतं, मध्यरात्री ओहोटीला. दुपारी चारला सहज काढलेला आकडा कशाच्या उपयोगाचा नाही. ते फार होतंय असा संशय असेल तर डॉक्टर रात्री अकराच्या सुमारास एक मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देतात, कॉर्टिसॉलची नक्कल. म्हणजे टेबलावर बाहेरून थाळी आणून ठेवायची आणि भटारखाना थंडावतो का ते पाहायचं. निरोगी शरीरात सकाळचं कॉर्टिसॉल १.८ च्या खाली दबतं (एकक मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर). नाही दबलं, तर पुढचा शोध सुरू. उलट कॉर्टिसॉल कमी पडतंय असं वाटलं तर ग्रंथीला चेतवणारं इंजेक्शन देऊन ती जागी होते का ते बघतात. अंतःस्रावी ग्रंथींच्या डॉक्टरांचा हा जुना नियम: जास्त वाटलं तर दाबून पाहा, कमी वाटलं तर डिवचून पाहा. सांधेदुखीवर बिननावाच्या पुड्या घेत असाल तर तेही सांगा, कारण अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं आणि मग सगळंच चित्र बिघडतं.

दूध आणणारं प्रोलॅक्टिन त्याहून लहरी. सुईच्या धसक्यानेही ते वाढतं. पित्ताच्या कितीतरी कॅप्सूलमध्ये उलटी थांबवणारं डॉमपेरिडोन असतं, तेही प्रोलॅक्टिन चढवतं. पाळी चुकते म्हणून तपासणी करणाऱ्या मुलीला 'ॲसिडिटीची गोळी घेतेस का?' असं विचारल्याशिवाय तिच्या मेंदूचा एमआरआय करू नये. काहींच्या रक्तात प्रोलॅक्टिन प्रतिपिंडांना बांधलेलं, निरुपद्रवी स्वरूपात फिरत असतं आणि यंत्र तेही मोजतं. लॅबला सांगितलं तर एका रसायनाने तो गाळ खाली बसवून उरलेलं मोजता येतं.

मग गोळी घ्यायची की नाही?

टीएसएच १० च्या वर असेल, मोकळा टी-४ घटलेला असेल, बाई गरोदर असेल किंवा दिवस राहावेत म्हणून प्रयत्न करत असेल, तर टाळाटाळ नको. डॉक्टर गोळी देतील आणि ती साधी, स्वस्त, गुणकारी गोळी आहे. प्रश्न उंबरठ्यावरच्यांचा. युरोपात ६५ वर्षांवरच्या अशा ७३७ लोकांवर झालेला 'ट्रस्ट' नावाचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती दिसायला तशी. वर्षभराने थकवा आणि इतर लक्षणांमध्ये दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

"पण गोळी घेतल्यावर मला बरं वाटलं!" खोटी गोळी घेणाऱ्यांनाही वाटतं. आणि उतारवयात डोस जास्त झाला तर हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात. तेव्हा 'घेऊन तर बघू' हा सल्ला वाटतो तेवढा निरुपद्रवी नाही.

काकूंना त्यांच्या डॉक्टरांनी दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा टीएसएच, मोकळा टी-४ आणि थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं तपासायला सांगितली. टीएसएच ४.४, बाकी ठीक. गोळी नाही, वर्षाने पुन्हा बघू. वहिनींना हे अजून पटलेलं नाही.

जिथे थांबायचं नसतं

इतका वेळ मी 'घाई नको' म्हणत आलो. नवजात बाळाच्या बाबतीत मात्र सगळं उलट. काही बाळांची थायरॉइड जन्मतःच नसते किंवा काम करत नाही. आपल्याकडे साधारण हजार-बाराशे बाळांमागे एक असं आढळलं आहे. आईचा टी-४ वारेतून मिळालेला असतो, त्यामुळे बाळ पहिले काही आठवडे गुटगुटीत आणि शांत दिसतं. 'किती गुणी आहे, रडतच नाही' म्हणून घरात कौतुक चालतं आणि तेवढ्यात मेंदूच्या वाढीची वेळ निघून जाते. दोन आठवड्यांच्या आत गोळी सुरू झाली तर मूल इतरांसारखं वाढतं.

कॅनडातल्या क्युबेक प्रांतात ज्याँ द्युसो यांनी १९७० च्या दशकात यासाठी कागदावर वाळवलेला रक्ताचा ठिपका वापरायला सुरुवात केली. गोव्यात सरकारी पातळीवर नवजात बाळांची अशी तपासणी २००८ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रातल्या बऱ्याच खासगी रुग्णालयांत ती होते, पण मागितल्याशिवाय होईलच असं नाही. टाचेला सुई टोचून थेंब घेतात, तोही पहिल्या दिवशी नको. जन्मानंतरच्या चोवीस तासांत बाळाचा टीएसएच आपोआप उसळलेला असतो. दोन ते पाच दिवसांमध्ये घेतलेला थेंब खरं बोलतो. बाळंतिणीला घरी सोडण्याचा कागद हातात पडतो, तो साधारण याच दिवसांत. सही करण्याआधी विचारा, "टाचेचं रक्त घेतलं का?"